यंत्राचा डोळा



कामगार चळवळीतल्या माणसांनी यंत्रमानवाच्या डोळ्यावर का बोलावे? कारण पाहणारे यंत्र कसे पाहते, हे कामगाराला कळलेच पाहिजे.

अमेरिकेत १९९२ पासून ‘फर्स्ट’ ही विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांची स्पर्धा भरते. तेथे अनेक वर्षे लक्ष्यावर प्रकाश परतवणारी पट्टी लावलेली असे. मुले कॅमेऱ्याभोवती हिरव्या दिव्यांचे कडे बसवीत. उजेड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परते. मग हिशेब सोपा: चित्रातले हिरवे तेवढे ठेवायचे, बाकीचे टाकायचे, हिरव्या ठिपक्याचा मध्य चित्राच्या मध्यापासून जितका बाजूला, तितके यंत्र वळवायचे.

पण छतावरचा दिवा चमकला की यंत्र त्यालाच लक्ष्य समजे! म्हणून मुले आकार आणि रुंदी-उंचीचे प्रमाणही तपासू लागली. २०२३ मध्ये तेथे ‘एप्रिलटॅग’ या काळ्यापांढऱ्या चौकोनी खुणा आल्या. प्रत्येक खुणेला आपला क्रमांक; चार कोपऱ्यांवरून अंतर आणि दिशाही निघते.

यातले मर्म एवढेच की, काय ठेवायचे नि काय टाकायचे हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवतो. असाच कॅमेरा कारखान्यात कामगाराच्या हातांवर रोखला, की लक्ष्य आपण होतो. तेव्हा ‘यंत्राने पाहिले’ एवढ्यावर कुणाचीही रोजी कापली जाता कामा नये. मोजमाप कुणी बसवले, ते आम्हांला दाखवा. चुकले असेल तर दुरुस्त करा. शाळकरी मुलांना जो अधिकार आहे, तोच आम्ही कामगारांसाठी मागतो.