पुरलेलें धन

पुरलेल्या धनावर नाग बसतो, असें आपण आजीच्या तोंडून ऐकलें आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीनें २००४ सालीं काढलेल्या ‘पिक्मिन २’ या व्हिडिओ खेळांत नागाच्या जागीं भुकेलीं श्वापदें आहेत. आपल्या मालकावरील १०,१०० पोकोंचें कर्ज फेडण्यासाठीं पेराएवढा कप्तान ऑलिमार परक्या ग्रहावर धन शोधतो. आणि धन तरी कोणतें? बाटल्यांचीं टोपणें, बॅटऱ्या, अशा आपण केरांत टाकतों तसल्या २०१ वस्तु!

पूर्णपणें पुरलेलें धन केवळ पांढऱ्या पिक्मिनांनाच उमगतें. रोपासारखे उगवणारे हे चिमुकले जीव तें उकरून जहाजापर्यंत वाहून नेतात. मात्र सूर्यास्ताला जे दूर राहिले, ते श्वापदांचें भक्ष्य होतात.

परवां माझा नातू खेळत होता. धन अर्धेंच उकरलें होतें आणि सूर्य मावळतीला टेकला होता. त्यानें शिटी वाजवून सर्वांना परत बोलाविलें. ‘आणि धन?’ मीं विचारलें. ‘तें उद्यांहि तिथेंच असेल, आजोबा, हे नसतील.’

या खेळांत दिवसांची मुदत नाहीं, हें खरें. पण डोक्यावर कर्ज असतांहि आधीं आपलीं माणसें मोजावींत, हें त्या मुलाला कोणीं शिकविलें नव्हतें.