आजार कोणता, हे आधी विचारू या



१९४६ साली डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी याच अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन सुरू केलं. रुग्णाला गावाबाहेर काढायचे तो काळ. दाजीसाहेबांनी त्याला जवळ केलं, हाताला काम दिलं. पुढे बहुऔषधोपचार आले आणि तोच रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला. हे सगळं ज्या गावानं पाहिलं, त्या गावात मनोविकारांवरची परिषद भरते आहे याचा मला फार आनंद आहे.

मी डॉक्टर नाही, औषधांचं दुकान चालवतो. त्यामुळे जे बोलणार ते काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं. मनाचे आजार अनेक आहेत, त्यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे, मुदती वेगळ्या. लोकांच्या लेखी मात्र आजार एकच, ‘डोक्याचा’, आणि औषधही एकच, ‘झोपेची गोळी’. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या सरमिसळीनं होतं.

नैराश्याचंच घ्या. त्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. आठव्या दिवशी घरचे म्हणतात, काही फरक नाही, बंद कर. जे तग धरतात, त्यांना बरं वाटलं की ते दुकानात येऊन सांगतात, ‘भाऊ, आता बरं हाय, कायले खाऊ गोया?’ खरं तर पहिल्या खेपेचं नैराश्य ओसरल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं आणि थांबवायचं तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. नाहीतर आजार परत डोकं वर काढतो. याउलट चिंतेवरचं अल्प्राझोलाम. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, आणि काही आठवड्यांत सवय जडू शकते. म्हणून ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे आणि त्याच्या विक्रीची नोंदवही आम्हाला तीन वर्षं जपावी लागते. ज्या गोळीची सवय लागते ती लोक हट्टानं मागतात, आणि जिचं तसं व्यसन लागत नाही ती भीतीनं सोडतात. हे बघून जीव तुटतो.

दुसरा आजार द्विध्रुवीय. यात कधी खोल उदासी, कधी बेफाम उत्साह, झोपेची गरजच नाही, घरातले पैसे उधळणं. उदासीच्या दिवसांत तो साध्या नैराश्यासारखाच दिसतो, पण नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवला आणि आजही ते मोलाचं औषध आहे, मात्र रक्तातली त्याची पातळी तपासत राहावी लागते. इथल्या डॉक्टरांना एक कळकळीची विनंती करतो. आमचा मे महिना तुम्ही जाणता. घामानं, जुलाबानं अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं. गुडघे दुखतात म्हणून कुणी स्वतःहून आयबुप्रोफेन घेतलं तरी वाढतं. शेतात राबणाऱ्या रुग्णाला हे चिठ्ठी लिहितानाच सांगा. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरच्यांना पाठ असलं पाहिजे.

स्किझोफ्रेनियात कानात आवाज येतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय येतो. घरचे आधी मांत्रिकाकडे धावतात आणि मोलाचे महिने वाया जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दोरखंडानं किंवा साखळीनं बांधणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही रुग्णाला साखळदंड घालायला बंदी केली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना अशा घरातली घालमेल वेगळी सांगायला नको. रोज गोळी घेणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं, हे किती घरांना ठाऊक आहे?

दारू एकदम सोडलेला माणूस दोन-तीन दिवसांनी थरथर कापतो, नसलेले किडे-साप पाहतो. लोक त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात. ती जिवावर बेतणारी अवस्था असते आणि तिथे तातडीनं रुग्णालयच हवं. याउलट एखाद्या गोष्टीची अवाजवी भीती असेल तर बऱ्याचदा औषध लागतही नाही. भीतीला पायरी-पायरीनं सामोरं जायला शिकवणारा जाणता समुपदेशक पुरतो. मंत्रचळातही, म्हणजे ओसीडीतही, असा सराव फार गुणकारी ठरतो, जोडीला अनेकांना औषधही लागतं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, त्यामुळे विचार बदलण्याचं हे शास्त्र आपल्याला आपल्या भाषेत शिकता आलं.

हे सगळं गावापर्यंत पोचतं का? पोचू शकतं. ‘विश्राम’ प्रकल्पात आपल्याच जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून समुपदेशन केलं गेलं आणि गरज पडेल तिथे तज्ज्ञांची जोड दिली गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातल्या ताईनं घरी येऊन विचारलं तर लोक बोलतात. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी जो प्रदेश देशाला माहीत झाला, तिथे हे घडलं आहे. अर्थात कर्ज आणि नापिकी समुपदेशनानं फिटत नाही, ती लढाई वेगळी लढावी लागेल. पण उपचारानं सुटणारं दुःखसुद्धा उपचाराविना राहावं, हे मला मान्य नाही.

म्हणून या परिषदेकडे माझं मागणं आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही नेहमीची औषधं महिन्याच्या महिन्याला मिळावीत, त्यात खंड पडू नये. लिथियमची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी तरी हमखास व्हावी. आणि आम्हा औषधविक्रेत्यांना या औषधांचं प्रशिक्षण द्या, कारण गोळी बंद करायचा विचार मनात आला की माणूस बऱ्याचदा आधी आमच्यापाशी बोलतो. माझ्या दुकानातल्या पाकिटांवर मी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक छापून घेतला आहे. इतर दुकानदार बांधवांनीही तसं करावं.

उद्या दुपारचं सत्र आपण रुग्णांच्या नातेवाइकांसाठी राखलं आहे. डॉक्टर मंडळींनी त्या वेळी समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकावं, अशी स्वागत समितीची विनंती आहे. जेवणाची, राहण्याची व्यवस्था आमच्या कार्यकर्त्यांनी आपुलकीनं केली आहे, काही कमी पडलं तर हक्कानं सांगा. आता परिषदेचं उद्घाटन करावं अशी मी माननीय अध्यक्षांना विनंती करतो.