बारावा गडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, क्रीडा-पारितोषिक वितरणाच्या प्रसंगी सांगली येथे केलेले भाषण)



आज ज्यांच्या हाती चषक आले त्यांचे कौतुक आपण मघाशी टाळ्यांच्या गजरात केलेच आहे. त्यात मी माझी भर घालतो. परंतु मला थोडा वेळ त्या मुलांविषयी बोलावयाचे आहे, ज्यांचे नाव संघाच्या यादीत होते, अंगावर गणवेश होता, आणि तरीही ज्यांच्या पायाला मैदानाची माती लागली नाही.

कबड्डीच्या संघात नावे बारा असतात; मैदानात उतरतात सात. उरलेल्या पाचांना आपण राखीव गडी म्हणतो. शब्द मानाचा आहे. परंतु चार सामने बाकावर बसून काढलेल्या मुलाला त्याचा अर्थ विचारून पाहावा.

मी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीस वर्षे व्यायामशिक्षक म्हणून काम केले. त्यांतील एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नव्हती. एके वर्षी आमचा चौदा वर्षांखालील संघ तालुक्यात पहिला आला आणि जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. यादीतील बारावा मुलगा रोज पहाटे सर्वांच्या आधी येऊन मैदानाला पाणी मारी आणि फक्कीने रेषा आखी. अंतिम सामना पाहावयास त्याचे वडील उसाच्या पाण्याची पाळी दुसऱ्याच्या स्वाधीन करून आले होते. सामना संपावयास पाच मिनिटे उरली तेव्हा आम्ही अठरा गुणांनी पुढे होतो. त्याला आत पाठवावे असे माझ्या मनात आले. पण ‘उगाच धोका कशाला’ म्हणून मी गप्प राहिलो. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी गणवेश परत देताना तो म्हणाला, “सर, धुतला नाही. मळलाच नव्हता.” पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही. चषक शाळेच्या कपाटात असेल. अंतिम सामना कोणत्या शाळेशी झाला हे मात्र आज मला आठवत नाही.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. विजयाची ओढ ही केवळ हौस नव्हे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण असते आणि ती बाद पद्धतीची. एक सामना हरला की वर्ष संपले. वरच्या पायरीवर पोहोचलेल्या खेळाडूस दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात. पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरात या गोष्टीचे मोल काय, हे माण-खटाव आणि जत-आटपाडीकडील मंडळींना मी सांगावयास नको. जी मुलगी वर्षभर पहाटे सराव करते, तिला बाजूस सारून महिन्यातून दोनदा येणाऱ्या मुलीला निम्मा वेळ द्यावा, असे म्हणणे हाही अन्यायच होय.

मग मार्ग कोणता? मला वाटते, तो आपल्या खेळानेच पूर्वी शोधून ठेवला आहे. जुन्या जाणत्यांना कबड्डीचे तीन प्रकार आठवत असतील. ‘गामिनी’त बाद झालेला गडी संपूर्ण डाव बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा उठे. आणि ‘अमर’ कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि खेळ चालू राही. पुढे नियम एकत्र करताना संजीवनीचे तत्त्व कायम राहिले. आजही जो आधी बाद झाला तो आधी आत येतो; तो संघातील श्रेष्ठ आहे की कनिष्ठ, हे पंच विचारीत नाहीत. चुकलेल्याला पुन्हा संधी देणे हे ज्या खेळाच्या नियमातच आहे, त्या खेळात कधी न चुकलेल्या मुलास मात्र एकही संधी मिळू नये, ही विसंगती नव्हे काय? कबड्डीत बदली गडी घेता येतात. हॉकीत तर खेळ चालू असताना कितीही वेळा अदलाबदल करता येते. आड येतो तो नियम नव्हे, आपली भीती.

बारा-चौदा वर्षांच्या मुलाची कुवत आपल्याला कळली आहे, हा आपला समजही फोल आहे. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर प्रथम खो-खो खेळत. पुढे धावण्याकडे वळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनीच स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. ही माणसे असामान्य होती, हे खरे. परंतु कोणत्या वयात कोण उमलेल याचे भविष्य शिक्षकाच्या शिटीत नसते, एवढे तरी त्यावरून समजावे.

म्हणून मंडळापुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या वार्षिक क्रीडास्पर्धांत चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाला व मुलीला प्रत्येक सामन्यात निदान एक अर्धा डाव खेळावयास मिळावा. अट एकच, सरावाची हजेरी. सतरा वर्षांखालील गटात प्राथमिक फेरीपुरते हे बंधन असावे. त्यापुढील वयात मात्र निवड गुणांवरच व्हावी. तेथे दयेने मैदानात उतरविणे कोणाही तरुणाला रुचणार नाही. यामुळे एखादा चषक हुकेल, हे मी लपवीत नाही.

आणि पालकांना एक विनंती. मूल सायंकाळी घरी आले की उंबऱ्यातच आपण विचारतो, “जिंकलास का?” उद्यापासून आधी विचारावे, “खेळलास का?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर शिक्षकांना भेटावे, भांडावयास नव्हे, कारण समजून घ्यावयास. त्या वडिलांनी मला असे विचारले असते, तर माझ्याजवळ उत्तर नव्हते.