माझा नंबर

समोर सतरंजीवर चुळबूळ करत बसलेल्या मुला-मुलींनो,

पडद्यामागे लेझीमची पोरं फेटे बांधून ताटकळलीत, हे मला इथून दिसतंय. एकाचा फेटा आत्ताच सुटला. तेव्हा मी जास्त वेळ घेणार नाही. असं प्रत्येक पाहुणा म्हणतो आणि घेतोच, हे मीही याच सतरंजीवर बसून सहा वर्षं अनुभवलंय. माझी दहावीची बॅच १९९३ ची.

पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘ट्रायथलॉनपटू’ असं छापलंय. ते वाचून माझा थोरला भाऊ इतका हसला, की वहिनीनं त्याला पाणी आणून दिलं. त्याला कारण आहे. या शाळेत माझा खेळात एकदाही नंबर आला नाही. लिंबू-चमच्यात लिंबू पडलं, पोत्याच्या शर्यतीत मी पडले, आणि शंभर मीटरला शिट्टी वाजली तेव्हा मी शेजारच्या मुलीला विचारत होते, “वाजली का गं?” खो-खोच्या संघाबरोबर मात्र तालुक्याला दरवर्षी जायचे. खेळायला नाही, सगळ्यांच्या चपला आणि दप्तरं सांभाळायला. घरी आलं की आई पहिला प्रश्न विचारायची, “नंबर आला का?” मी म्हणायचे, “एकही चप्पल हरवली नाही.”

मळ्यातल्या विहिरीवर तीच गत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून भाऊ आणि चुलतभाऊ पोहायला शिकले. पहिल्या उन्हाळ्यात डबा, दुसऱ्या उन्हाळ्यात थेट वरच्या दगडावरून मुटका. मी काठावर त्यांचे कपडे धरून बसायची. ‘तू पण ये’ असं कुणी म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितलं नाही. पाणी वर उडायचं, माझा फ्रॉक भिजायचा, तेवढंच माझं पोहणं.

तर अशी मी, पोस्टात काउंटरवर बसणारी बाई, वयाच्या ४२ व्या वर्षी महापालिकेच्या तलावावर महिलांच्या बॅचला नाव घालायला गेले. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं, एवढंच निमित्त. माझ्या शेजारच्या पट्ट्यात तिसरी-चौथीतली पोरं होती. सर म्हणाले, “तोंड पाण्यात घाला आणि फुगे सोडा.” मला ते जमेना. नाकात पाणी जायचं, की मी दांडी धरून उभी. एक दात पडलेली चिमुरडी येऊन म्हणाली, “काकू, भ्या वाटतंय व्हय? पाण्यात श्वास सोडायचा, वर येऊन घ्यायचा. धरून ठेवायचा न्हाई.” पोहण्याचं अर्धं शास्त्र त्या पोरीनं एका दमात सांगितलं. आपण नवशिके छातीत हवा कोंडून ठेवतो आणि मग दम लागला म्हणून ओरडतो. ती सोडायला शिकायला मला दोन महिने लागले, आणि २५ मीटरचा तलाव न थांबता पार करायला पाच.

आता हे ट्रायथलॉन म्हणजे काय ते सांगते, कारण मागच्या रांगेतले काही पालक ते मॅरेथॉनसारखं काहीतरी असेल म्हणून मान डोलावतायत. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग धावायचं, तिन्ही लागोपाठ. मधे घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. त्याच्या बरोबर निम्मं म्हणजे ‘स्प्रिंट’: ७५० मीटर, २० आणि ५. मी केलं ते हे निम्मं. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून होतं ते ‘हाफ आयर्नमॅन’ वेगळं. त्यात ९० किलोमीटर नुसती सायकल असते आणि त्याच्या पुढे २१ किलोमीटर धावणं. त्या लोकांना माझा लांबून नमस्कार.

या खेळाची सुरुवात मला फार आवडते. २५ सप्टेंबर १९७४ चा दिवस, बुधवार. अमेरिकेत सॅन दिएगोला मिशन बे नावाच्या खाडीकाठी संध्याकाळी ४६ जण जमले. मधलाच वार बघा, म्हणजे कामधंदा उरकून आलेली माणसं. जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहन या तिथल्या क्लबच्या दोघांनी ही शर्यत ठरवली होती. करंडकावर नाव कोरायला दिलं, तर कोरणारा विचारतो, ‘ट्रायथलॉन’चं स्पेलिंग काय? त्याला ते शब्दकोशात सापडेना! म्हणजे स्पेलिंग ठरायच्या आधी बक्षीस ठरलं होतं. इंग्रजीच्या बाईंनी कानावर हात ठेवावेत.

त्या ४६ जणांत जॉन आणि ज्यूडी कॉलिन्स हे जोडपंही होतं. पुढे त्यांनी १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर २२६ किलोमीटरची शर्यत काढली. वाद असा होता, की पोहणारा दमदार, सायकलवाला दमदार की धावणारा? आपल्याकडे पारावर रंगतो तसलाच हा वाद. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. दुसऱ्या आलेल्याचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला जे प्यायला दिलं, ते मी शाळेच्या व्यासपीठावरून सांगू शकत नाही.

माझी शर्यत दोन वर्षांपूर्वी झाली, कोल्हापूरला राजाराम तलावात. चार वर्षं तलावावर पोहून झाल्यावर आमच्या बॅचमधल्या दोघींनी परस्पर माझंही नाव नोंदवलं. आधीचे पाच महिने पहाटे पावणेपाचला उठणं, डबे करणं, एक दिवस पोहणं, एक दिवस भाच्याची गिअरची सायकल. रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या धावायचं. याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात, म्हणजे वीट. सायकलीवर तासभर वाकून गोल गोल फिरलेले पाय एकदम सरळ उभे राहून धावायला लागले, की ते आपले राहतच नाहीत. भाड्याने आणल्यासारखे वाटतात. दहा-पंधरा मिनिटांनी परत आपले होतात. एवढं आधी माहीत असावं, म्हणून तो सराव.

स्पर्धेच्या दिवशी दंडावर काळ्या मार्करने नंबर लिहितात, घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधतात. मग आपली सायकल एका कुंपणाच्या आत दांडीला अडकवायची आणि खाली टॉवेलवर बूट, मोजे, हेल्मेट मांडायचं. या जागेला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. तिथे स्पर्धकांशिवाय कुणाला सोडत नाहीत. दारावर पहारेकरी उभा होता. मी चपला काढून टॉवेलशेजारी ठेवल्या, पाण्याकडे निघाले आणि वळून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चपला दुसरं कुणीतरी सांभाळत होतं.

तळ्यात ना भिंत असते ना तळाशी काळी रेघ. पाणी हिरवट, आपलाच हात कोपरापुढे दिसत नाही. दर सात-आठ हातांनी मान वर काढून समोरचा भगवा फुगा शोधायचा, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. दोनशे मीटरवर कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. आत पाणी शिरलं, आणि मी पुन्हा ती दांडी शोधणारी काकू झाले. पण दांडी नव्हती. पाठीवर उलटी झाले. वर आभाळ, कानात पाणी, छातीत धडधड. तेवढ्यात जीवरक्षकाची छोटी होडी जवळ आली. होडी धरून थांबायला नियमात परवानगी आहे, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. मी धरली. तो पोरगा वल्हं आडवं टाकून म्हणाला, “काकू, निवांत थांबा. तळं कुठं जात न्हाई.”

मी थांबले. मिनिटभर असेन, मला तो तास वाटला. फुगे सोडले, जसे त्या दात पडलेल्या पोरीनं शिकवले होते. मग निघाले. ७५० मीटरला मला २७ मिनिटं लागली.

एक मधेच सांगते. हे ऐकून उद्या कुणी एकट्यानं विहिरीत किंवा नदीत उतरलं, तर मी इथे येऊन तुमच्या बाईंच्या आधी तुम्हाला धरीन. माझ्याजवळ होडी होती, म्हणून मी आज इथे उभी आहे.

पाण्यातून बाहेर आल्यावर चांगले खेळाडू अर्ध्या-पाऊण मिनिटात सायकल घेऊन निघतात. मला सात मिनिटं लागली. मी पाय पुसले, बोटांच्या मधलंही पुसलं, मोजे नीट ओढले, आणि केस सोडून परत अंबाडा घातला! का, ते मला आजही सांगता येणार नाही. बाहेर कुंपणाला टेकून माझा नवरा ओरडत होता, “अगं, लग्नाला निघालीस का?”

सायकलवर चढाला चेन पडली. रस्त्याकडेला एक नववी-दहावीतला मुलगा उभा होता, तो धावत आला. “काकू, द्या, मी बसवतो.” मी म्हटलं, “नको रे बाळा, बाहेरच्याची मदत घेतली तर बाद करतात.” तो बिचारा हात मागे बांधून उभा राहिला. पण बाबांची काळी सायकल मी या गावात चार वर्षं चालवलीय. चेन पडणं आणि आपण बसवणं हा माझा एकमेव खेळ होता, ज्यात शाळेनं कधी स्पर्धा ठेवली नाही. तेव्हा काटकी लागायची. इथे मागचा गिअरचा दांडा पुढे ढकलून चेन सैल केली, पुढच्या चाकीच्या दोन दातांवर टेकवली आणि पायंडल हातानं फिरवलं. खट्कन बसली. तो मुलगा म्हणाला, “भारी!” शर्यतीत मला मिळालेली ही एकमेव दाद. वंगणाचे हात मी घाम पुसताना तोंडाला लावले, त्यामुळे शेवटच्या फोटोत मी लोहाराच्या भात्यावरून आल्यासारखी दिसते.

आणि एक गंमत बघा. पाण्यात मला मागे टाकून गेलेली दोन माणसं त्या चढावर मला सायकल हातात धरून चालताना भेटली. पुढे धावताना एका सत्तरीच्या आजोबांनी मला गाठलं, “चला, चला” म्हणाले आणि पुढे गेले. ते पाण्यात माझ्या मागे होते. तिन्हीत बरा असलेला माणूस मी तिथे फार थोडा पाहिला. जो तो कुठेतरी कच्चा, आणि तरीही दंडावर नंबर घालून आलेला. शाळेत आपण काय करतो? पाचवीत एकदा शंभर मीटर पळवतो आणि ठरवून टाकतो, ही खेळातली, ही चपलातली. मुख्याध्यापिका बाई, रागावू नका, पण मला बोलावलंत म्हणजे हे ऐकावं लागणार होतं.

धावताना मी दोनदा चालले. चालायला परवानगी आहे. १९८२ साली हवाईतल्या त्या शर्यतीत ज्यूली मॉस नावाची कॉलेजातली मुलगी अभ्यासाच्या प्रबंधासाठी म्हणून उतरली होती. ती सगळ्या बायकांत पुढे होती. शेवटच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर ती कोसळली. दुसरी पुढे निघून गेली, आणि ही रांगत रेषेपर्यंत पोचली. टीव्हीवर ते साऱ्या अमेरिकेनं पाहिलं आणि कित्येकांनी या खेळाचं नाव प्रथमच ऐकलं. प्रेरणा म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती ज्यूली आवडते, पण तिचं रांगणं तुम्ही गिरवावं असं मला वाटत नाही. चक्कर आली तर बसा. पाणी प्या. शर्यत पुढच्या वर्षीही असते. मी बसले नाही, कारण आमचा अख्खा पोस्टातला स्टाफ रेषेपाशी उभा होता आणि त्यांनी उपमा आणला होता.

एकूण २ तास २४ मिनिटं. पदक सगळ्यांना मिळतं, मलाही मिळालं. ते माझ्या नातीनं खेळायला घेतलंय.

सोमवारी कामावर गेले. मार्करची शाई दोनदा घासूनही निघाली नव्हती, बाहीखालून नंबर डोकावत होता. पहिल्या तारखेची गर्दी. पेन्शनच्या रांगेतल्या एक आजी काचेला नाक लावून माझ्या दंडाकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं, पोस्टात आता बँकेसारखं टोकन चालू झालं आणि ते बाईंनी अंगावरच लिहून घेतलं. म्हणाल्या, “बाई, तुमचा नंबर कधी लागायचा?”

मी म्हटलं, “लागला की आजी, कालच. शेवटून चौथा.”

“लागला न्हवं?” आजींनी पासबुक आत सरकवलं. “मग आता माझी पेन्शन काढा.”