परदेशी शिष्यवृत्ती : पदवीच्या पलीकडचं शिक्षण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला की पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. दुसरा प्रश्न असतो, मुलगा किंवा मुलगी परत येणार की तिकडेच राहणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. एखादं सरकार किंवा एखादा विश्वस्त निधी कुणा अनोळखी विद्यार्थ्याला दूरदेशी शिकवण्यासाठी एवढा पैसा का खर्च करतो? त्याबदल्यात त्याला काय हवं असतं?

फुलब्राइट शिष्यवृत्तीचं उदाहरण घेऊ. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचं अफाट सामान जगभर पडून होतं. ते मायदेशी नेणं परवडत नव्हतं आणि जिथे ते पडलं होतं त्या देशांकडे ते विकत घ्यायला डॉलर नव्हते. आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी मार्ग काढला. त्या देशांनी सामानाची किंमत आपापल्या चलनात द्यावी आणि त्या पैशांतून विद्यार्थी-प्राध्यापकांची देवाणघेवाण व्हावी. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी या विधेयकावर सही केली. युद्धाच्या भंगारातून शिक्षणाचा निधी उभा राहिला! फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले होते. ज्या देशात आपण राहिलो, जेवलो, वाद घातले, परीक्षा दिल्या, त्या देशाबद्दलच्या ऐकीव गोष्टींवर सहसा विश्वास बसत नाही, हा त्यांचा स्वतःचा अनुभव असणार. आजवर चार लाखांहून अधिक लोकांनी या योजनेचा लाभ घेतला आहे.

भारताशी याबाबतचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. त्यावर पंडित नेहरूंची सही होती. पुढे २००८ साली नवा करार होऊन दोन्ही सरकारं खर्चाचा वाटा बरोबरीने उचलू लागली आणि योजनेला ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव मिळालं. ही वाहतूक दुहेरी आहे, हे आपण विसरतो. इकडून तिकडे जाणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक असतात. तिकडून इकडे आलेल्यांत गेल ऑम्व्हेट होत्या. १९६३ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवण्यासाठी त्या प्रथम भारतात आल्या. नंतर महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार थाटला, १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ मध्ये कासेगावातच त्यांनी अखेरचा श्वास घेतला. महात्मा फुल्यांचा विचार जगाच्या अभ्यासकांपुढे नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे मात्र ही परंपरा फुलब्राइटहून जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना कर्जरूपाने साहाय्य देणारा निधी सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी दोन स्त्री-डॉक्टर होत्या, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे. आणि १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

कोलंबियात त्यांना जॉन ड्युई, सेलिग्मन असे गुरू लाभले. १९१६ साली तिथल्याच एका चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. आपल्या समाजाकडे दुरून आणि अभ्यासकाच्या नजरेनं पाहण्याची ही संधी होती. पण १९१७ साली करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तेव्हा या उच्चशिक्षित अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तिथूनही त्यांना हुसकावलं गेलं. शिष्यवृत्तीनं माणूस बदलला होता, गाव बदललं नव्हतं. तरी ते शिक्षण वाया गेलं नाही. १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना बाबासाहेबांनी पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. दोन देशांतल्या दोन दुःखांचं एकमेकांशी असलेलं नातं त्यांनी ओळखलं होतं. आंतरराष्ट्रीय सामंजस्य म्हणतात ते हेच.

आता दुसरी बाजू. शिष्यवृत्ती देणारा नेहमीच निरिच्छ नसतो. सेसिल ऱ्होड्स यांनी आपल्या मृत्युपत्रात शिष्यवृत्त्या ठेवल्या त्या साम्राज्याची पकड मजबूत व्हावी म्हणून. आणि स्त्रियांना त्यासाठी १९७७पर्यंत थांबावं लागलं. फुलब्राइटची निवड पाहणाऱ्या मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी सरकारी हस्तक्षेपाचा आरोप करून जून २०२५ मध्ये राजीनामे दिले. आपल्याकडेही २०२२ साली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल होऊन भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजजीवन हे विषय वगळण्यात आले. हे विषय भारतात राहूनच नीट अभ्यासता येतात, असा युक्तिवाद त्यामागे होता. कोलंबियातला तो १९१६चा निबंध आठवला, की हा युक्तिवाद पटणं कठीण जातं. पैसा कोण देतो याइतकंच, विषय निवडण्याचं स्वातंत्र्य कुणाकडे राहतं, हेही विचारायला हवं.

जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. बऱ्याच शिष्यवृत्त्यांच्या अर्जाची मुदत प्रवासाच्या कितीतरी महिने आधी, काहींची तर वर्षभर आधी संपते; तेव्हा निकाल हातात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. फुलब्राइटच्या अर्जाला शुल्क नाही. त्यासाठी कुणी दलाल पैसे मागत असेल तर सावध व्हा. युरोपच्या इरॅस्मस मुंडुस योजनेत किमान दोन देशांत शिकावं लागतं. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आणि अर्जातलं निवेदन स्वतःच लिहा. गुणपत्रिका अनेकांची चांगली असते. आपल्या तालुक्यातला कोणता प्रश्न तुम्हाला छळतो आणि तो सोडवायला तिथलं शिक्षण कसं उपयोगी पडेल, हे नेमकं सांगणारा अर्ज वेगळा उठून दिसतो. परतण्याच्या अटी सही करण्यापूर्वी वाचा. फुलब्राइटवर गेलेल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. ती शिक्षा समजू नका. शिष्यवृत्तीचा अर्धा हेतू तिथेच पुरा होतो.

उरलेला भाग आपल्या, घरी राहणाऱ्यांच्या, वाट्याचा आहे. मौलाना आझादांनी १९५० साली स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी इथे येतात. पुण्यात तर ते वर्षानुवर्षं शिकत आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानातली सत्ता बदलली तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांच्या पायाखालची जमीन सरकली होती. अशा मुलांना आपण किती ओळखतो? वर्गात शेजारी बसणाऱ्या परदेशी मुलाला दिवाळीत घरी फराळाला बोलावण्यासाठी कुठल्याही मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. खोली भाड्याने देताना त्याचा रंग किंवा धर्म पाहून ‘जागा नाही’ असं सांगितलं, तर मात्र १९१७चं बडोदं आपणच पुन्हा उभं करतो. आपली मुलं परक्या शहरात खोली शोधत फिरतील तेव्हा त्यांच्यासाठी दार उघडावं, असं वाटत असेल, तर आपल्या दाराची कडी आधी आपल्याला काढावी लागेल.