मनगटाचें माप

गेल्या उन्हाळ्यांत माझी भाची बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. बक्षीस म्हणून तिला मनगटी घड्याळ द्यावें या हेतूनें मी तिला घेऊन यवतमाळच्या बाजारांत गेलों. दुकानदार मोठा अगत्यशील होता. त्यानें दोन तबकें आमच्यापुढें मांडलीं. एकांत पुरुषांचीं घड्याळें, ४२ ते ४४ मिलिमीटर व्यासाचीं. दुसऱ्यांत स्त्रियांचीं, २६-२८ मिलिमीटरचीं, कडेनें चमकते खडे बसविलेलीं. भाचीनें दोन्ही प्रकार हातावर बांधून पाहिले आणि ती म्हणाली, “मामा, हें मनगटावर मावत नाहीं आणि त्यांत वेळ दिसत नाहीं.” आम्ही रिकाम्या हातानें परतलों. तिच्या या एका वाक्यांत आजच्या घड्याळांविषयींची माझी सारी तक्रार आली, आणि तीच आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

घरीं आल्यावर मीं कपाटांतून वडिलांचें ‘जनता’ घड्याळ काढलें. जुन्या मंडळींना तें नांव सांगावयास नकोच. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगळूर येथें घड्याळें तयार करण्यास आरंभ केला, आणि ‘जनता’ घरोघर जाऊन पोहोंचलें. कोणाला तें लग्नांत मिळालें, कोणीं पहिल्या पगारांतून घेतलें. माझे वडील शाळामास्तर होते. शाळेची घंटा त्यांच्या या घड्याळावर होत असे. त्याचा व्यास सुमारें ३५ मिलिमीटर. भाचीच्या हातावर ठेवतांच तें तिच्याचसाठीं केल्यासारखें शोभलें. पुरुषांचें म्हणून विकलेलें घड्याळ एका मुलीच्या हातावर इतकें नेमकें बसावें, यांतच त्या मापाचा शहाणपणा आहे.

हें माप गरिबीमुळें ठरलें होतें, असें मात्र कोणीं समजूं नये. पाटेक फिलिप या स्विस पेढीनें १९३२ सालीं काढलेलें ‘कालात्राव्हा’ हें श्रीमंतांचें घड्याळ अवघें ३१ मिलिमीटरचें होतें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठीं बारा कारखान्यांनीं जीं घड्याळें तयार केलीं, तीं साधारणतः ३५ ते ३८ मिलिमीटरचीं होतीं. रणांगणावर ज्यांत वेळ वाचतां येत होती, त्यांत कचेरींत वाचतां येऊं नये, हें संभवत नाहीं. जर्मन वैमानिकांचीं घड्याळें ५५ मिलिमीटरचीं होतीं खरीं. पण तीं जाड कोटाच्या बाहीवर बांधण्यासाठीं होतीं. तेथें मोठेपणाला कारण होतें.

मग माप वाढलें कशानें? मला वाटतें, घड्याळाचें कामच बदललें म्हणून. १९६९ सालीं सेइको कंपनीनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ बाजारांत आणलें आणि अचूक वेळ हळूहळू स्वस्त झाली. पुढें खिशांतला फोनही वेळ सांगूं लागला. वेळ सांगण्याचें महत्त्व गेलें, तेव्हां घड्याळानें दिसण्याचें काम पत्करलें. १९७२ सालीं ‘रॉयल ओक’ हें ३९ मिलिमीटरचें घड्याळ इतकें मोठें वाटलें कीं त्याला ‘जंबो’ असें टोपणनांव पडलें. १९९३ सालीं त्याचाच थोरला भाऊ ४२ मिलिमीटरचा निघाला, आणि आज तेंच माप सामान्य झालें आहे.

थोराड घड्याळाची फसवणूक पुष्कळदां डबींत दडलेली असते. आंतलें यंत्र पूर्वींइतकेंच लहान, भोंवतीं पोकळी. खूण पाहावयाची तर तारखेची खिडकी पाहा. ती कडेपासून दूर, मध्याकडे सरकलेली दिसली, तर मोठ्या वाड्यांत एकच खोली वापरांत आहे असें समजावें.

उतारवयांत नजर मंदावते आणि मोठी तबकडी बरी पडते, असा आक्षेप कोणी घेतील. तो मी नाकारीत नाहीं. मोठीं घड्याळेंही दुकानांत असावींत. परंतु वाचनाची सोय केवळ व्यासानें होत नाहीं. पांढऱ्या तबकडीवर काळे, पुरेसे लांब काटे आणि ठळक आंकडे असले, तर ३५ मिलिमीटरही पुरतात. चकचकीत तबकडीवर चकचकीत काटे बसविले, तर ४५ मिलिमीटरही अपुरे पडतात. शिवाय आमच्या वऱ्हाडांतला वैशाख आठवा. घामेजल्या मनगटावर लोखंडी वाटीएवढें घड्याळ कोण दिवसभर वागवील?

आपल्याकडील कारागिरांना लहान वस्तु साधत नाहीं असेंही नाहीं. टायटन कंपनीनें २००२ सालीं ‘एज’ हें अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचें घड्याळ काढलें. परदेशांतही वारें फिरलें आहे: रोलेक्सनें आपलें ‘एक्सप्लोरर’ २०१० सालीं ३६ वरून ३९ मिलिमीटरवर नेलें होतें, तें २०२१ सालीं पुन्हां ३६ वर आणलें. आमच्या जिल्ह्यांत मूर्तिजापूर ते यवतमाळ अडीच फुटी रुळांवरून धांवणारी शकुंतला अनेकांना आठवत असेल. रुळांमधलें अंतर वाढवितां येतें, वाढवावेंही. मनगटाचीं हाडें मात्र रुंद करतां येत नाहींत.

म्हणून कारखानदारांना माझी विनंति एवढीच कीं, एकच साधें घड्याळ दोन मापांत काढा, आणि ३४ ते ३६ मिलिमीटरच्या घड्याळावर ‘पुरुषांचें’ किंवा ‘स्त्रियांचें’ असा शिक्का मारूं नका. ग्राहकांनींही केवळ व्यास विचारूं नये; पट्टा जेथें जोडतात त्या वरच्या व खालच्या टोकांमधलें अंतर पाहावें. तें मनगटाच्या रुंदीबाहेर गेलें, तर घड्याळ परत करावें.

वडिलांचें घड्याळ मागें पडत होतें. भारत सरकारनें २०१६ सालीं एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हां सुटा भाग कोठून मिळणार, अशी मला चिंता होती. आमच्या वृद्ध घड्याळजींनीं एका निकामी ‘जनता’तून तो काढून बसविला आणि बजावलें, “या वेळीं जमलें, पुढच्या वेळचें सांगत नाहीं.” भाची आतां रोज सकाळीं आजोबांच्या घड्याळाला किल्ली देते. तें चालेल तोंवर चालेल. त्यानंतर तिच्या मनगटाला साजेसें घड्याळ तिला बाजारांत मिळावें, इतकीच माझी इच्छा आहे.