हजेरीपटावर न दिसणारा आजार



चिखली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाली. आज तेथे कारखान्यांलगत कामगारांच्या वसाहती आहेत. अशा वसाहतीतील दमेकरी मूल रात्रभर धापा टाकते आणि सकाळी शाळेला मुकते. हजेरीपटावर आजार दिसत नाही. दिसते ती केवळ गैरहजेरी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांची दखल घेतली. दमा व मधुमेह मात्र त्या यादीत नाहीत. म्हणूनच या मुलांचा पहिला आधार शिक्षकाची जाण हाच होय. मधुमेही मुलाला वर्गात खाण्याची मुभा, दमेकऱ्याच्या दप्तरात इनहेलर, बुडालेल्या पाठांची उजळणी, यांस वेगळा निधी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतील नोंद वर्गशिक्षकापर्यंत पोहोचावी, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयास हवी.